उडालेला पोपट झाडावरून खाली कसा आणायचा

पक्षी गॅलरीतून बाहेर पडला की पहिलं काम एकच: त्याच्यावरची नजर हलू द्यायची नाही. चप्पल, फोन, किल्ली, सगळं नंतर. घरात दुसरं कुणी असेल तर त्याला जिन्याने खाली पाठवा आणि तुम्ही वरूनच बघत राहा, कारण वरून दिशा नीट कळते. कोणत्या इमारतीच्या कोणत्या बाजूने वळला, कोणत्या झाडात शिरला, तिथून पुन्हा उठला का, एवढं समजलं तरी पुढचे कित्येक तास वाचतात. पानांत शिरलेला हिरवा किंवा पिवळा पक्षी दहा पावलांवरूनही दिसत नाही.

पिंजऱ्यात वाढलेला पोपट सहसा पळून गेलेला नसतो. कुकरची शिट्टी, फटाका, खिडकीसमोरून गेलेली घार, असं काहीतरी झालं आणि तो दचकून उडाला. घाबरलेला पक्षी वर जातो. तिथे बसल्यावर त्याला खाली यायचं असतं, पण येता येत नाही. तिरकं खाली उतरणं, फांद्या चुकवणं, वाऱ्यात वेग आवरणं ही शिकून येणारी कामं आहेत आणि दिवाणखान्यात उडणाऱ्या पक्ष्याला ती कधी करावीच लागलेली नसतात. म्हणून मालक झाडाखाली उभा राहून तासभर हाका मारतो, पक्षी वरून प्रत्येक हाकेला ओ देतो, आणि तरी जागचा हलत नाही. हट्ट नसतो तो. त्याला उतार सापडत नसतो, आणि तो आपण करून द्यायचा असतो.

उतार कमी करा

झाडाच्या बुंध्याशी उभं राहणं ही सगळ्यात नेहमीची चूक. पक्ष्याला सरळ खाली उडी घ्यायला सांगण्यासारखं आहे ते. पोपट सपाट किंवा थोड्या उताराने सहज येतो. इमारतीचा एक मजला साधारण तीन मीटरचा धरला तर बारा मीटर उंच फांदीवरचा पक्षी चौथ्या मजल्याच्या पातळीत असतो. समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कोण राहतं ते वॉचमनला विचारा, त्यांची गॅलरी किंवा जिन्याची खिडकी मागा, नाहीतर गच्चीची किल्ली घ्या. पक्ष्यापासून दहा-पंधरा मीटरवर, त्याच्याच उंचीला किंवा एखादा मजला खाली, आणि मध्ये तारा किंवा दाट फांद्या नाहीत अशी जागा हवी.

वाराही बघा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतो, कारण समोरून वारा असला की वेग आपोआप कमी होतो. शिवाय तुमचा आवाज वाऱ्याबरोबर दूर जातो. म्हणून वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा: आवाज त्याच्याकडे जाईल आणि तो वाऱ्याविरुद्ध, सावकाश, तुमच्याकडे येईल. पक्षी दिसेनासा झाला असेल तर शोध उलट्या बाजूला सुरू करा. नवखा उडणारा वाऱ्याने ढकलला जातो.

हातावर बसणारा पक्षी असेल तर त्याचा सगळ्यात आवडता पदार्थ घ्या, रोजचा नको. सूर्यफुलाच्या बिया, राळ्याचं कणीस (दुकानात कांगणी म्हणून मिळतं), कोवळ्या मक्याचे दाणे, पेरूची फोड. वाटी त्याच्या ओळखीची हवी. बिया वाटीत खुळखुळवा, स्वतः खाल्ल्यासारखं करा, रोजचा शब्द रोजच्याच आवाजात म्हणा. ओरडलात तर तुमचा आवाज त्याला परका वाटतो. तो बघायला लागला की पाठ फिरवून चार-पाच पावलं दूर जा. थव्याने राहणारा पक्षी एकटा पडायला घाबरतो. सोबती निघून चाललाय असं दिसलं की बरेच पोपट तेव्हाच उडतात.

उडण्याआधी तो सांगतो. अंग पुढे झुकतं, पंख खांद्यापाशी किंचित सुटतात, बहुतेक वेळा विष्ठा टाकतो. हे दिसलं की जागेवर थांबा आणि हात आडवा धरा. अशा क्षणी कुणी 'आला, आला' म्हणून पुढे धावलं की पक्षी हवेतच वळतो आणि आधीपेक्षा उंच जाऊन बसतो.

हातावर उतरला तर लगेच झडप घालू नका. दोन-तीन बिया खाऊ द्या, मग अंगठ्याने त्याचे पाय बोटावर हलकेच दाबून धरा, छातीशी घ्या आणि चालत आत या. गच्चीच्या दाराआड छोटा पिंजरा आधीच ठेवलेला असावा. हातात पक्षी घेऊन रस्ता ओलांडताना हॉर्न वाजला आणि पक्षी परत उडाला, असं फार वेळा होतं.

पिंजरा लावणं

जो पक्षी हातावर येत नाही त्याच्यासाठी सगळी भिस्त पिंजऱ्यावर. पिंजरा त्याचाच हवा, नवा कोरा नको. जमिनीवर ठेवू नका. पोपटाच्या लेखी जमीन म्हणजे मांजर. गॅलरीच्या कठड्याला घट्ट बांधलेल्या टेबलावर किंवा गच्चीत पाण्याच्या टाकीवर ठेवा, चारही बाजूंनी दिसेल असा. निम्म्या भागावर चादर टाकून सावली करा. मे महिन्यात गच्चीवरची पत्र्याची ताटली दुपारी इतकी तापते की पक्षी पाय ठेवत नाही, म्हणून वाट्या मातीच्या किंवा प्लास्टिकच्या घ्या आणि पाणी दोन वेळा बदला.

खाणं तीन ठिकाणी: पिंजऱ्याच्या छतावर थोडं, दारापाशी थोडं, आणि भरपूर साठा आत, दाराच्या समोरच्या टोकाला. छतावरच पोटभर मिळालं तर तो आत कशाला जाईल? म्हणून बाहेरच्या बिया दहा-बारापेक्षा जास्त नकोत. आतली वाटी बाहेरून दिसली पाहिजे. बाहेर शेंगदाणे आणि पोळीचे तुकडे टाकू नका. त्याने कावळे गोळा होतात, आणि कावळे जमले की तुमचा पक्षी तिथे फिरकणार नाही.

आता दार. आपल्याकडच्या बहुतेक तारेच्या पिंजऱ्यांना वर सरकणारं दार असतं, ते कामाला फार सोयीचं. दार वर उचलून खाली आइस्क्रीमची काडी किंवा कपड्यांचा चिमटा अडकवा, त्याला आठ-दहा मीटर नायलॉनची दोरी बांधा आणि दोरीचं टोक घेऊन खोलीत, पडद्याआड बसा. ओढली की काडी निघते आणि दार आपल्या वजनाने पडतं. दाराच्या खालच्या कडेला स्पंजची पट्टी चिकटवा, नाहीतर शेपटीवर किंवा मानेवर पडलं तर इजा होईल. बाजूला उघडणारं दार असेल तर दोरी दाराच्या कडेला बांधून पिंजऱ्याच्या आतून, चौकटीशेजारच्या तारेतून बाहेर काढा, म्हणजे ओढल्यावर दार चौकटीकडे खेचलं जाईल. दोरी ताणून धरलीत तरच ते बंद राहतं, हे लक्षात असू द्या. पिंजऱ्याला पाच-सहा किलोचं वजन लावा किंवा तो बांधून टाका, कारण ओढताना अख्खा पिंजराच कलंडतो. रिकाम्या पिंजऱ्यावर दहा वेळा ओढून बघितल्याशिवाय खऱ्या वेळी हात लावू नका.

दोरी घाईने ओढली जाते, तिथेच सगळं बिघडतं. पक्षी आत डोकावतो, एक पाय ठेवतो, बाहेर येतो, पुन्हा जातो. शेपटीसह पूर्ण आत गेला, आतल्या दांडीवर बसला आणि दाराकडे पाठ करून खायला लागला, की मग ओढायची. एकदा दार त्याच्या नाकासमोर आपटलं की तो पिंजऱ्याला घाबरतो आणि पुढचे दोन-तीन दिवस वाया जातात.

घरात त्याचा जोडीदार असेल तर अर्धं काम झालंच. जोडीदाराला दुसऱ्या, नीट कुलूपबंद पिंजऱ्यात ठेवून तो पिंजरा उघड्या पिंजऱ्याला अगदी लागून ठेवा. जोडीदार हाका मारील, बाहेरचा उत्तर देईल. मात्र त्याला एकट्याला गच्चीवर सोडून खाली येऊ नका. शिक्रा आणि मांजर दोघंही पिंजऱ्यावर झडप घालतात, आणि पिंजऱ्यातला पक्षी तारेवर आपटून मरू शकतो.

जोडीदार नसेल तर फोनवरचे जुने व्हिडिओ शोधा. त्यात त्याचा स्वतःचा किंवा घरातल्यांचा आवाज असेल तर उत्तम. वीस-तीस सेकंद वाजवा, मग दोन मिनिटं गप्प राहून ऐका. सतत वाजवत ठेवलं तर त्याची हाक तुम्हाला ऐकूच येत नाही. इंटरनेटवरून उचललेल्या आवाजांत धोक्याची हाकही असू शकते आणि ती ऐकून पक्षी आणखी लांब जातो, तेव्हा ते टाळा.

आणखी एक गोष्ट शहरात हमखास विसरली जाते. कबुतरांसाठी लावलेल्या जाळीच्या फटीतून पक्षी बाहेर गेला असेल तर तीच फट त्याला बाहेरून सापडत नाही. परत आलेला पक्षी जाळीला लटकून बसतो, पाय अडकवून घेतो किंवा काचेवर आपटतो. जाळीची एक अख्खी बाजू सोडा, सरकत्या खिडकीची काच पूर्ण बाजूला करा आणि आतला पंखा बंद ठेवा. छताच्या पंख्यात सापडलेले परतीचे पक्षी थोडे नाहीत.

संध्याकाळ, रात्र, पहाट

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पक्षी रात्रीची जागा शोधतो. तिथे बसला की शक्यतो हलत नाही, अंधारात पोपट उडत नाहीत. म्हणून दिवसभर तो सापडला नाही तरी संध्याकाळी साडेपाच-सहापासून बाहेर राहा. या वेळी ते पुन्हा बोलतात. झाड, फांदी, साधारण उंची लिहून ठेवा, फोटो काढा, आणि घरी जाऊन झोपा. रात्रभर टॉर्च मारत बसल्याने नुकसानच होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडण्याच्या अर्धा तास आधी त्या झाडापाशी हजर. मुंबईत मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, जानेवारीत सव्वासातच्या आसपास. त्याप्रमाणे गजर लावा. ही वेळ सगळ्यात सोन्याची. पक्षी उपाशी, रस्ता शांत, कावळे अजून पूर्ण पांगलेले नाहीत, ऊन नाही. पहिल्या दिवशी ढिम्म न हललेले पक्षी दुसऱ्या पहाटे वाटी दिसताच येतात. उशिरा पोचलात तर तो खाणं शोधायला निघून गेलेला असतो आणि शोध पुन्हा पहिल्यापासून.

रात्री पकडायचं का? पक्षी हाताच्या टप्प्यात, म्हणजे शिडीवरून सहज पोचेल अशा मोकळ्या फांदीवर असेल तरच. एकाने टॉर्चचा झोत डोळ्यांवर धरायचा, दुसऱ्याने मागून पातळ टॉवेल टाकायचा. चुकलं तर तो आंधळेपणाने उडतो आणि भिंतीवर, तारेवर आपटतो. दुसरी संधी मिळत नाही. टॉवेलमध्ये धरताना डोकं दोन बाजूंनी आधार देऊन धरा, छाती दाबू नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वास ओढणारा पडदा, नसतं, छाती हलली तरच श्वास चालतो. भीतीने घट्ट आवळलेला पक्षी हातातच गुदमरतो.

झाडावर माणूस चढवणं, बांबूने हुसकावणं, दगड मारणं, हे कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. पाण्याचा पाइप मारून पंख भिजवायचे आणि पक्षी खाली पाडायचा, हा सल्लाही खूप दिला जातो. अर्धवट भिजलेला पक्षी उडतोच, फक्त नीट उडत नाही, आणि मग गाडीखाली किंवा कुत्र्यासमोर पडतो. अग्निशमन दलाला १०१ वर बोलवावं ते पक्षी मांज्यात किंवा तारांत अडकला असेल तेव्हा. संक्रांतीच्या दिवसांत तर झाडांवरचा मांजा आधी बघा. मोकळ्या बसलेल्या पक्ष्यासाठी मोठी गाडी आणि शिडी आली की तो आवाजानेच उडतो.

कोणता पक्षी कसा वागतो

बजरीगर, ज्याला घरोघरी 'लव्हबर्ड' म्हणतात, जेमतेम ३०-४० ग्रॅमचा. त्याच्या अंगात साठा नाही, पहिलाच दिवस महत्त्वाचा. पाऊस असेल तर फारच. तो चिमण्यांच्या घोळक्यात मिसळतो, म्हणून जिथे चिमण्यांना दाणे टाकले जातात त्या जागा बघा. हातावर येण्याची शक्यता कमी, पण दुसऱ्या बजरीगरच्या पिंजऱ्यावर येऊन बसण्याची बरीच.

कॉकाटील, ज्याला बाजारात सर्रास 'कॉकटेल' म्हणतात, ताकदीने आणि सरळ रेषेत उडतो. त्याच्यासाठी सोसायटीपुरता शोध पुरत नाही, ज्या दिशेला गेला त्या दिशेला दोन-तीन किलोमीटर चौकशी करा. शिट्टीला मात्र झटकन उत्तर देतो. सन कोन्युअर हा पिवळा-नारिंगी पोपट कर्कश ओरडतो, त्यामुळे सापडायला सोपा, आणि माणसाचा लळा लागलेला असेल तर खांद्यावर येऊन बसतो. अनोळखी माणसाच्या खांद्यावरही. करडा आफ्रिकन पोपट याच्या अगदी उलट. उंच जागी तासन्‌तास चिडीचूप बसतो. तो गेलाच असं समजून लोक पुढे निघून जातात आणि तो आधीच्याच झाडात असतो. त्याच्यासाठी घरातले रोजचे शब्द हळू आवाजात बोलत, दर झाडाखाली पाच मिनिटं थांबत जा.

लोकांना सांगताना पक्ष्याचं नाव सांगून भागत नाही. बजरीगरलाच बहुतेक घरांत 'लव्हबर्ड' म्हणतात, आणि कोन्युअर म्हणजे नुसता 'पोपट'. तेव्हा रंग, आकार, शेपटीची लांबी, फोटो, जागा आणि वेळ द्या. आधी वॉचमन, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा, मग सोसायट्यांचे व्हॉट्सॲप गट, जवळची पक्ष्यांची दुकानं आणि पशुवैद्य. पायातल्या कडीचा नंबर किंवा तो बोलत असलेला एखादा शब्द मात्र जाहीर करू नका. 'सापडलाय, आधी पैसे पाठवा' असा फोन आला की तीच खूण विचारा आणि त्याच वेळी व्हिडिओ कॉल करायला सांगा.

देशी पोपटांचं वेगळं. गळ्यात कंठ असलेला हिरवा राघू, पहाडी पोपट, लालसर डोक्याचा छोटा पोपट हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. ते पाळणं गुन्हा आहे. असा पक्षी उडून रानटी थव्याबरोबर खात-फिरत असेल तर त्याला पकडायला पिंजरा लावू नका. उडता येत नसेल, कावळे टोचत असतील, माणसांच्या मागे येत असेल तर महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. सन कोन्युअर किंवा आफ्रिकन पोपटासारख्या विदेशी जातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' या संकेतस्थळावर करावी लागते. हरवलेला पक्षी दुसऱ्याच्या घरात सापडला तर मालकी दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

परत आल्यावर

रागावू नका, कौतुकाचा गोंधळही नको. शांत, उबदार खोलीत पिंजरा ठेवा, अर्धी बाजू झाका. पाणी आधी, मग थोडं थोडं खाणं, तासा-दोन तासांनी. विष्ठा बघत राहा: पोटात काहीच गेलं नसेल तर ती गडद हिरवी आणि अगदी थोडी असते, खाणं सुरू झालं की काही तासांत नेहमीसारखी व्हायला हवी. पिसं फुगवून तळाशी बसला, शेपटी श्वासाबरोबर वरखाली हलतेय, पंख लोंबतोय किंवा मांजराचा दात लागलाय, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. मांजराच्या दाताची जखम टाचणीएवढी दिसली तरी थांबू नका, तिच्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी दोन दिवसांत जातो. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय पक्ष्यांवर उपचार करतं. घरात इतर पक्षी असतील तर याला तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. बाहेर तो कबुतरांच्या विष्ठेत, पाण्यात कुठे बसला ते आपल्याला माहीत नसतं.

पंखांची पिसं कापून टाका, हा सल्ला मिळेलच. कापलेल्या पंखांचा पक्षीही वाऱ्याच्या झोताबरोबर चौथ्या मजल्यावरून तरंगत जातो, आणि मग परत यायला त्याच्याकडे पंख नसतात. त्यापेक्षा पिंजऱ्याच्या प्रत्येक दाराला स्प्रिंगचा हुक लावा, वाटी घालायच्या छोट्या दारांनाही, आणि रोज पाच मिनिटं हाकेला येण्याचा सराव घ्या. सकाळच्या खाण्याआधी, एकच ठरलेली शिट्टी, आणि आल्यावर सूर्यफुलाची एकच बी. सुरुवात एका हातावरून दुसऱ्या हातावर, मग एक मीटर, मग खोलीच्या टोकापासून. बहुतेक जण इथे थांबतात. पुढचं महत्त्वाचं: त्याला कपाटावर बसवा आणि तुम्ही जमिनीवर बसून बोलवा. मग पडद्याच्या दांडीवरून. सुरुवातीला तो वरच फेऱ्या मारील, डोकं वाकडं करून बघत राहील. तेव्हा दोन-तीन मीटर मागे सरका, म्हणजे उतार कमी होईल, आणि तो यायला लागला की दर आठवड्याला अर्धा मीटर जवळ या.